पिराजी साळिंदराची हत्यारांची भिंत

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांकडे गाड्या आल्या होत्या. रस्ता तेवढा यायचा होता. तोवर गाड्या हत्तींच्या पाऊलवाटेनं जात. समोरून हत्ती आला की गाडी मागे घ्यायची, असा नियम होता. हसू नका. तुमच्या गावातही अशीच काहीतरी व्यवस्था असेल, घरी विचारून बघा.

या जंगलात पिराजी नावाचा साळिंदर राहत होता. बायको गजराबाई. एकुलती एक लेक तानी घाटापलीकडे सांबरखोऱ्यात दिलेली. दाराजवळच्या छपरात एक जुनी निळी गाडी. एकंदरीत बरं चाललं होतं.

एके सकाळी कावळा निरोप घेऊन आला. तानी बाळंत झाली. मुलगी झाली.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढं मला मध्येच विचाराल. साळिंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे मऊ असतात, कोवळ्या गवतासारखे. या जंगलात ते बारा दिवस मऊ राहत. त्या बारा दिवसांत आजी-आजोबांनी नातवंडाला पोटाशी धरायचं, अशी रीत होती. तेराव्या दिवशी काटे ताठ होतात. मग साळिंदरं जन्मभर हातभर अंतर राखून एकमेकांवर माया करतात. आता हसलात तरी चालेल, पण गजराबाई हसत नव्हती. तिनं लगेच शेवरीचा कापूस काढून टोपडं शिवायला घेतलं.

पिराजीलाही भरून आलं. तानी बारा दिवसांची होईतो त्याच्या पोटावर झोपायची. तिचा तो ऊबदार भार त्याला अजून आठवत होता.

"आजच निघू," तो म्हणाला. गाडीत बसला. किल्ली फिरवली. गाडी 'खट्' म्हणाली आणि गप्प झाली.

शेजारी रावबा रानडुक्कर राहत होता. त्याच्याकडे तेलाचा एक चेपलेला डबा होता. त्यात एक पक्कड, एक हातोडी, दोन पाने आणि मूठ तुटलेला एक स्क्रू ड्रायव्हर. एवढ्यावर तो अर्ध्या जंगलाच्या गाड्या चालत्या ठेवी. त्यानं बोनेट उघडलं, नाक आत घातलं आणि बाहेर काढलं.

"बॅटरीची वायर ढिली झालीय. वर पांढरं साचलंय," तो म्हणाला. "ते खरवडायचं आन दहाच्या पान्यानं नट आवळायचा. पाच मिनटांचं काम हाय. पन माझा दहाचा पाना अस्वलाच्या ट्रॅक्टरखाली कुठं पडला ते गावंना. तुमच्याकडं हाय का? नसंल तर पकडीनं आवळतो."

"पकडीनं नको," पिराजी म्हणाला. "नटाची वाट लागते. मी पाना घेऊन येतो."

पाना आणायला गेलेला पिराजी पाना घेऊन आला असता, तर गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्ही जेवायला गेला असता. पण हत्यारांचं दुकान कोल्ह्याचं होतं. कोल्हा स्वतः कधी हत्याराला हात लावत नसे. पंजाला वास लागतो.

"दहाचा पाना द्या," पिराजी म्हणाला.

"एकच?" कोल्ह्यानं अशा काही आवाजात विचारलं, की पिराजीला आपण उघड्या अंगानं दुकानात आलो आहोत असं वाटलं.

"गाडी दहाच्या नटावर अडलीय," तो चाचरत म्हणाला.

"आज दहावर अडलीय पिराजीराव, उद्या अकरावर अडेल. परवा घरी पाहुणे येतील आणि म्हणतील, काय हो, तुमच्याकडे अकराचा नाही? तेव्हा वहिनींनी काय तोंड दाखवायचं?"

पिराजीनं डोळ्यांसमोर ते पाहुणे आणले. त्याला ते अजिबात आवडले नाहीत.

संध्याकाळी तो हातगाडी ढकलत घरी आला. हातगाडीत सहापासून बत्तीसपर्यंतचे पाने होते. तेच आकार पुन्हा गोल तोंडाच्या रिंगपान्यांत होते. सॉकेटची पेटी होती. पाच पकडी होत्या. तीन हातोड्या होत्या, त्यातली एक रबराची. नट किती जोरानं आवळला ते सांगणारा एक लांब पाना होता. इंजिनात पडलेला स्क्रू उचलायला काठीला लावलेलं लोहचुंबक होतं. पिराजीचा स्क्रू अजून पडला नव्हता, पण पडला असता तर तो तयार होता.

गजराबाईनं टोपडं बाजूला ठेवून विचारलं, "यातला दहाचा कुठला?"

"आधी सगळं नीट लावून होऊ दे," पिराजी म्हणाला. "हत्यारं मातीत पसरून काम करणारे लोक वेगळे." आणि त्यानं रावबाच्या घराकडे हळूच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं छपराच्या मागच्या भिंतीला सागाची मोठी फळी ठोकली. सुतारपक्ष्याला बोलावून फळीला सारख्या अंतरावर भोकं पाडून घेतली. सुतारपक्षी मन लावून काम करणारा, त्यामुळे दोन दिवस गेले. भोकांत खुंट्या बसल्या. खुंट्यांवर हत्यारं चढली.

आणि मग पिराजीला ती कल्पना सुचली. त्यानं पाठीचा एक काटा उपटला, काळ्या रंगात बुडवला आणि टांगलेल्या हातोडीच्या कडेकडेनं रेष ओढली. हातोडी काढून पाहिली. भिंतीवर हातोडीची हुबेहूब आकृती उभी होती. कुठली वस्तू कुठं जाते हे आता आंधळ्यालाही कळलं असतं. पिराजीचा ऊर आनंदानं भरून आला. असा आनंद त्याला गाडी चालवतानाही कधी झाला नव्हता.

चौथा आणि पाचवा दिवस आकृत्या काढण्यात गेले. सहाव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की पाने आकारानुसार लावण्यापेक्षा कामानुसार लावणं जास्त शास्त्रीय. त्यानं फळीला पांढरा रंग फासला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

सातव्या दिवशी रावबा डोकावला. "पिराजीराव, तो दहाचा पाना द्या. पाच मिनटात करून टाकतो."

"हात लावू नका," पिराजी म्हणाला. "रंग ओला आहे."

आठव्या दिवशी नवी अडचण आली. भिंत दुरून बघायला हवी होती आणि मध्ये गाडी येत होती. पिराजीनं गाडी बाहेर काढायची ठरवलं. ती चालू होत नसल्यामुळे रावबालाच ढकलायला बोलावलं. गाडी करंजाच्या झाडाखाली गेली, तिच्यावर ताडपत्री आली, आणि भिंत कशी मोकळी दिसू लागली.

"वहिनी, माझी गाडी हाय," घाम पुसत रावबा म्हणाला. "चला, सोडतो तुम्हाला लेकीकडं."

गजराबाईचा चेहरा उजळला. पण पिराजी म्हणाला, "घरात एवढी हत्यारं असताना दुसऱ्याच्या गाडीतून जायचं? लोक काय म्हणतील?"

लोक तर यायलाच लागले होते. सांबर आलं, भेकर आलं. अस्वल सहकुटुंब आलं आणि तासभर तोंड उघडं टाकून उभं राहिलं. घरी जाताना अस्वलीण नवऱ्याला म्हणाली, "बघा, नाहीतर तुम्ही." अस्वलानं मान खाली घातली. त्याच्या ट्रॅक्टरखाली रावबाचा पाना अजून पडलेला होता.

"तुमची गाडी कुठली हो?" भेकरानं विचारलं.

"आहे बाहेर कुठंतरी," पिराजी म्हणाला.

भिंतीची कीर्ती सिंहाच्या कानावर गेली. सिंहाकडे गाडी नव्हती. त्याला गरज नव्हती. तो पायी निघाला की बाकीच्यांच्या गाड्या मागे जात. पण ज्ञानाची आवड होती. अकराव्या दिवशी दरबारात येऊन 'घरगुती हत्यारांची निगा' या विषयावर बोलावं, असं पिराजीला आमंत्रण आलं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी गजराबाई त्याच्यासमोर येऊन बसली. "अहो, दोनच दिवस राहिले."

"अगं, पाना वापरला की तेलकट होतो. तेलकट पाना टांगला की रेष पुसते. उद्याचं दरबारातलं होऊ दे. बाराव्या दिवशी पहाटे काढतो पाना, मग तर झालं?"

"बाराव्या दिवशी घाटात हत्तींचा बाजार असतो. दिवसभर गाडी मागेच घ्यावी लागेल."

"मग टोपडं कावळ्याबरोबर पाठव. टोपडं पोचल्याशी कारण."

गजराबाईनं टोपडं मांडीवर घेतलं, चार घड्या घातल्या, पुन्हा उलगडलं. साळिंदरीण रागावली की काटे फुलवते. गजराबाईचे काटे फुलले नाहीत. हे फार वाईट लक्षण होतं, पण पिराजी भाषण पाठ करत होता.

भाषण उत्तम झालं. सिंहानं दोनदा जांभई आवरली. भाषण संपल्यावर पाच प्रतिष्ठित मंडळी भिंत बघायला पिराजीबरोबर निघाली. पिराजीनं छपराचं दार उघडलं, हात वर केला आणि तसाच राहिला.

तिसऱ्या ओळीत दहाच्या पान्याची आकृती होती. पाना नव्हता.

प्रतिष्ठित मंडळी खाकरली आणि एकेक करून निघून गेली. त्यानं तरस हवालदाराला बोलावून आणलं. तरस जातीनंच हसरा. त्यामुळे फिर्याद देणाऱ्याला त्याचा नेहमी राग येई.

"काय गेलं?" तरसानं हसत विचारलं.

"दहाचा पाना."

"आणखी?"

"आणखी काही नाही. सगळ्या आकृत्या तपासल्या. बाकी सगळं जागच्या जागी आहे."

तरस बाहेर जाऊन आला. "करंजाखाली नुसती ताडपत्री पडलीय. चाकांचे ठसे घाटाकडं गेलेत. तिथं काय होतं?"

"तिथं होय? तिथं गाडी होती," पिराजी म्हणाला. "पण ती भिंतीवर नव्हती."

"घरात आणखी कोण असतं?"

"बायको."

"ती कुठाय?"

पिराजीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. भिंतीकडेही पाहिलं. "नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला. "तिची जागा आखलेली नाही."

इतक्यात रावबा आला. "हवालदारसाहेब, पाना वहिनींनी काढला. तुम्ही दरबारात गेलात पिराजीराव, आन त्यांनी बोनेट उघडलं. पाठीचा एक काटा उपटला, त्यानंच ते पांढरं खरवडलं, नट आवळला. मी नुसता बोनेट धरून हुभा. चारच मिनटं लागली. मी उगं पाच सांगत होतो."

"तिला गाडी चालवता येते?" पिराजीनं विचारलं.

"तुम्ही चालवत असता तेव्हा डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या कोन सांगतं?" रावबा म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "चला पिराजीराव. माझी गाडी तयार हाय. आत्ता निघालो तर हत्तींच्या आधी घाट वलांडू, उद्या सकाळी पोचू. उद्या बारावा दिवस हाय."

पिराजीला पोटावरचा तो ऊबदार भार आठवला. खरंच आठवला, बाळांनो. तो काही वाईट साळिंदर नव्हता. त्यानं गाडीच्या दिशेनं एक पाऊल टाकलंसुद्धा. मग त्यानं मागे वळून पाहिलं.

"पाना परत आला आणि मी घरी नसलो तर?" तो म्हणाला. "कोणीही कुठल्याही खुंटीवर टांगेल."

रावबा डबा उचलून घरी गेला.

चौदाव्या दिवशी निळी गाडी दाराशी येऊन थांबली. गजराबाई उतरली. तिनं कंबरेचा पाना काढून पिराजीच्या हातात दिला. पाना तेलकट होता. पिराजीनं तो लगेच पुसला नाही.

"मऊ होते?" त्यानं विचारलं.

"होते," गजराबाई म्हणाली. "बाराव्या दिवशी दुपारपर्यंत चांगले मऊ होते. तुम्ही याल म्हणून दुपारनंतरसुद्धा मी तिला खाली ठेवलं नव्हतं."

एवढं बोलून ती चूल पेटवायला गेली.

पिराजीनं मग पाना पुसला. दोनदा पुसला. तिसऱ्या ओळीत टांगला. काळ्या रेषेत तो तंतोतंत बसला, केसभरसुद्धा इकडंतिकडं नाही. पिराजी बराच वेळ बघत राहिला, पण त्याला व्हायला हवा होता तेवढा आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाठीचा काटा उपटून फळीवर आणखी एक आकृती काढली. बरोबर आपल्या पोटाच्या उंचीवर. लहानशी, गोल, एका टोकाला जरा निमुळती. तिच्यावर खुंटी ठोकली नाही.

आजही लोक भिंत बघायला येतात. सगळे त्या रिकाम्या आकृतीपाशी थांबतात आणि विचारतात, "हे कुठलं हत्यार?"

"ते दुकानात मिळत नाही," पिराजी सांगतो.

अस्वलानं घरी जाऊन आपल्याही भिंतीवर तशीच आकृती काढून घेतली. कोल्ह्यानं ते हत्यार पुढच्या महिन्यात येईल असं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

तात्पर्य : हत्यारांच्या आकृत्या काढायच्या आधी घरातल्या माणसांच्या काढून घ्याव्यात. माणूस गेलं की लगेच समजतं, आणि मग निवांतपणे पाना शोधता येतो.