दोन दोन दिसणारी लेक

लेक नोकरीसाठी परदेशी निघाली तेव्हा तिचा एक फोटो मीच काढायचा, असं मी ठरवलं. मोबाइलवर तिचे ढीगभर फोटो होते, पण मला टेबलावर ठेवायला एक कागदावरचा हवा होता. आणि तोही अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या जर्मन कॅमेऱ्याने काढलेला.

हा कॅमेरा म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. त्याच्याबद्दल त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, "हात लावायचा नाही." फोटो काढण्याआधी ते आमच्याकडे पाठ करून काहीतरी खुडबुड करायचे. काय ते कधी दिसू दिलं नाही. (अण्णा गेल्यावरही मी कॅमेरा लांबूनच बघत असे. आज्ञाधारकपणात माझा हात धरणारा कोणी नाही.)

निघायच्या सकाळी लेक दारात उभी राहिली. निळा ड्रेस, पायाशी काळी सुटकेस.

"बाबा, टॅक्सी खाली आलीय."

"हलू नकोस. मला दोन दोन दिसतेयस."

"अहो, चष्मा लावा," आतून बायको म्हणाली.

"अगं, या कॅमेऱ्यातून बघताना आधी दोनच दिसतात. लेन्सची कडी फिरवून दोघींची एक झाली की फोकस झाला."

खरं सांगायचं तर दोघींची एक केव्हाच झाली होती. पण बटण दाबलं की ती जाणार, म्हणून मी पुन्हा पुन्हा दोन करत होतो. एक जाईल, एक राहील. शेवटी खालून हॉर्न वाजला आणि मी बटण दाबलं.

फोटो धुऊन आला. वर काळा डाग, मध्ये निळा, खाली पुन्हा काळा. बाकी नुसतं धुकं.

"ही आपली लेक?" बायकोने विचारलं.

मी सगळं खापर जर्मनांवर फोडलं. तिने कॅमेरा हातात घेतला, सहज लेन्स ओढली, तर ती चांगली बोटभर बाहेर आली.

"अहो, आधी ही बाहेर काढायची असते का?"

अण्णांची खुडबुड मला तेव्हा कळली.

"टाकून दे तो फोटो," मी म्हणालो.

बायको जरा वेळ बघत राहिली. "राहू दे. त्या सकाळी मलाही ती अशीच दिसत होती."

मग मी स्वतः तो फ्रेममध्ये घालून टेबलावर ठेवला. लेकीची फार आठवण यायची. रोज ऑफिसला निघताना त्या वरच्या काळ्या डागाकडे, म्हणजे तिच्या केसांकडे बघून मी विचारायचो, जेवलीस का, झोप होते का नीट. तेवढ्यानेही घर जरा भरल्यासारखं वाटायचं.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, तुझ्या मागे ते काय आहे?"

"तू आहेस."

ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली. मग हळूच म्हणाली, "बाबा, फोटो उलटा ठेवलायस."

मी वळून नीट पाहिलं. इतके दिवस मी जिला जेवलीस का म्हणून विचारत होतो, ती सुटकेस होती.