गेणबानं डबा बंद केला

"आजपासून रोख!" असं म्हणत गेणबानं काउंटरवरचा स्कॅनरचा स्टिकर नखानं खरवडून काढला.

भरे गावात त्याचं किराणा दुकान. भाडेकरू अमोलनं पिरंगुटच्या कंपनीतून बातमी आणली होती, मोबाईलवर घेतलेल्या पैशावर म्हणे कर बसणार. गेणबानं त्याच्याच हातून मोबाईलवरचं सगळं बंद करून घेतलं आणि पैसे आले की बोलणारा डबा माळ्यावर टाकला.

त्याची बायको तुळजाबाई हिरमुसली. लेक गौतमी बावधनला सासरी. रोज हापिसातून घरी पोचली की दुकानाच्या खात्यात एक रुपया टाकायची. डबा बोलला की तुळजाबाई म्हणायची, "पोचली बाई." बावधन काय लांब न्हाई, पण दिवाळीपासून लेक फिरकली नव्हती. रुपया तेवढा यायचा.

"अवो, तेवढा डबा ऱ्हाऊ द्या की."

"त्या रुपयावर बी कर घेत्याल!" गेणबा खेकसला. पण संध्याकाळ झाली तशी त्याची नजर सारखी डब्याच्या रिकाम्या फळीकडं जाऊ लागली.

कंपनीतली पोरं यायची. "काका, सुट्टं न्हाईत."

"मग गोळ्या घे."

गोळ्या संपल्या, पोरं पलीकडच्या दुकानात गेली. त्यात कुणीतरी म्हणालं, सरकार फोनातूनच बघतंय. गेणबानं फोनही बंद करून तांदळाच्या पिंपात खुपसला.

दुसऱ्या दिवशी दारात रिक्षा थांबली. गौतमी धावतच आत आली. "आप्पा! रुपया जाईना, फोन लागेना! मला वाटलं, तुमचं काही बरंवाईट झालं!"

"झालंय की. बघाया आलीस व्हय?" असं म्हणून गेणबा काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकला. बराच वेळ त्याला ते सापडेना.

लेक राहिली, जेवली, आईच्या कुशीत झोपली. सकाळी बसमध्ये चढताना दरडावून गेली, "फोन आणि डबा आजच सुरू करा. नाहीतर रविवारी मला परत यावं लागेल!"

बस गेली, तरी दोघं रस्त्याकडं बघत उभी होती. तेवढ्यात अमोल आला.

"काका, बातमी खोटी निघाली. कर-बिर काय न्हाई. आना डबा, जोडून देतो."

"ऱ्हाऊ दे," गेणबा म्हणाला. "आज न्हाई तर उद्या कर बसवत्याल. सरकारचं काय खरं न्हाई."

"अवो, गिऱ्हाईक तुटतंय! काकी, तुमी तरी सांगा."

तुळजाबाईनं पदरानं डोळे पुसले. "व्हय रं बाबा, सरकारचं काय खरं न्हाई. अन् ऐक, रविवारी जेवाया हितंच ये. गौतमी येनार हाय."