नरसिंगअण्णांची चाल

नरसिंगअण्णा माणसाकडे पाठ करून त्याचं गाव ओळखायचे. बीदरच्या बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर ते रस्त्याकडे पाठ करून बसत. मागून कुणी गडबडीत गाडीची चौकशी केली की कप खाली न ठेवताच म्हणत, "भालकीचा. वाक्य संपताना वर उचलायलाय बघ." नाहीतर, "ही बाई औरादकडची. बोलायलीय मराठी, पन चाल तेलुगूची हाय." विचारून बघितलं तर बहुतेक वेळा खरं निघायचं. चुकलंच तर अण्णा मान हलवून म्हणत, "मग तिची आई तिकडची असंल."

अण्णा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. घरची भाषा मराठी, पण कन्नड, दखनी आणि तेलुगू ते अशी बोलायचे की त्या त्या भाषेचा माणूस त्यांना आपल्याच नात्यातला समजायचा. शाळा लवकर सुटलेली. वरातींबरोबर गावोगाव हिंडले, तेवढंच शिक्षण. कुणी विचारलं, हे जमतं कसं, तर उत्तर ठरलेलं: "चाल धर, चाल. शब्द काय, मागून पळत येत्यात."

मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तो ठाणाकुशनूरहून. बीदरजवळच्या कोळारच्या एका गोदामात सुपरवायझर लागलो होतो. आमच्या भागात शेळ्यांनासुद्धा दोन भाषा कळतात, मी अपवाद. शाळेतलं कन्नड पास होण्यापुरतं पाठ केलं आणि पेपर देऊन आलो, तसं तेही देऊन आलो. गोदामातले हमाल सगळे कन्नड बोलणारे. मालकांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत कन्नड आलं नाही तर दुसरा माणूस बघतो. बायकोने त्याच संध्याकाळी मला अण्णांपुढे उभं केलं.

"अण्णा, आमच्या रक्तातच सूर न्हाई," मी आधीच सांगितलं. खोटं नव्हतं ते. भजनात माझ्या आजोबांच्या हातात कंदील देत, म्हणजे टाळ घ्यायला त्यांचे हात मोकळे राहत नसत. वडिलांना प्रसाद वाटायच्या कामाला लावत. माझी पाळी येईपर्यंत भजनी मंडळाने आमच्या घरी निरोप पाठवणंच बंद केलं होतं.

"रक्ताला कामून बोल लावायलास?" अण्णा म्हणाले. "रक्तात कान असतोय, तसा आळसबी असतोय. तुझ्यात काय जास्ती हाय ते बघू."

पुढचे काही आठवडे त्यांनी मला एकही शब्द शिकवला नाही. कन्नड वाक्य ते नुसतं गुणगुणत आणि मी तोंड मिटून त्यांच्यामागे हुंकार भरायचा. अण्णांच्या बायको, शांताक्का, हसू दाबत चहा आणून ठेवत. भिंतीपलीकडून माझी बायको ओरडून विचारायची, "पोट दुखायलंय का तुमचं?"

मला अपमान वाटू लागला. मी चोरून शब्द पाठ केले आणि एका दुपारी मोठ्या ऐटीत गोदामात गेलो. हमाल नुकतेच डबे उघडून बसले होते. जेवण झालं का, असं प्रेमाने विचारावं म्हणून मी म्हणालो, "ऊट आयतु." शब्द अगदी बरोबर होते. फक्त शेवटी आवाज वर न्यायचा, तो मी खाली आपटला. 'जेवण झालं?' ऐवजी 'जेवण झालं!' असं झालं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातली भाकरी डब्यात टाकली आणि उपाशीपोटी उठून कामाला लागले. संध्याकाळपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही, त्यामुळे सरावही बुडाला.

अण्णा ऐकून भिंतीला टेकून हसले. "शब्द आले गा व्यंकट, चालच ऱ्हायली!"

मी मुकाट्याने पुन्हा हुंकार भरायला लागलो. दिवाळीपर्यंत हमालांना माझं कन्नड कळू लागलं. सेल उतरलेल्या रेडिओसारखं वाटतं म्हणाले, पण नोकरी राहिली.

मग वरातींत डीजे आले. क्लॅरिनेट पेटीत गेलं. अण्णांचा मुलगा हैदराबादला कंपनीत लागला. अण्णा टपरीवर बसत राहिले, आणि एका सकाळी तिथेच त्यांच्या हातातून कप पडला. शरीराची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा चार भाषांच्या माणसाच्या तोंडात "ता… ता…" एवढाच आवाज शिल्लक होता. समजायचं सगळं. पाणी हवं असायचं आणि शब्द यायचा नाही. मग डावा हात रागाने खाटेवर आपटायचे. शांताक्का तांब्या, उशी, टॉवेल असं एकेक पुढे करून बघत.

डॉक्टर म्हणाले, "बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, तिथे मार बसलाय. गाण्याचं काम बरंचसं उजव्या बाजूने चालतं. काही पेशंटना बोलता येत नाही, पण गाता येतं. ह्यांचा तर जन्म सुरांत गेलाय. त्यांच्याबरोबर गाऊन बघा. खात्री मात्र देता येत नाही."

मुलगा रजा संपवून परत गेला होता. शांताक्कांनी माझ्याकडे बघितलं. "मला लाज वाटायलीय. तुमीच म्हना की दादा."

मी आरती धरली. धरली म्हणजे काय, ती माझ्या हातून निसटत होती आणि मी मागे धावत होतो. अण्णांनी डोळे मिटले, चेहरा वाकडा झाला. मला वाटलं, दुसरा झटका आला. घाबरून मी आणखी मोठ्याने म्हणू लागलो. तेव्हा त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं आणि ती अख्खी ओळ, शब्दांसकट, जिथल्या तिथे म्हणून दाखवली.

शांताक्का उंबऱ्यावरच बसल्या.

माझ्या गाण्याने अण्णा बरे व्हायला लागले, असं मी लोकांना सांगतो. खरी गोष्ट अशी की त्यांना माझं गाणं सहन झालं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी औषध म्हणून हजर. शांताक्कांची लाजही गेली. 'पाणी दे', 'चहा नको', 'खिडकी लाव', सगळं आम्ही सुरावर बसवलं. काही शब्द आले, काही येऊन गेले. सुराबाहेर मात्र एकही निघेना.

एकदा मी घरातल्या वस्तू दाखवून अण्णांना नावं विचारत होतो. तेवढ्यात शांताक्का चहा घेऊन आल्या.

"आन् ह्या कोन?" मी सहज विचारलं.

विचारल्यावर माझं मलाच चुकल्यासारखं झालं. अण्णांनी जन्मात बायकोला नावानं हाक मारली नव्हती. 'आगं' आणि 'ऐकायलीस का' एवढ्यावर सगळा संसार झाला होता.

अण्णा बराच वेळ गुणगुणत राहिले. एक सूर घेतला, सोडला. दुसरा घेतला. आरती नव्हती ती, वरातीतलंही काही नव्हतं. काय होतं ते मला विचारू नका. मग ते हळूच म्हणाले, "शां… ता."

शांताक्कांनी कप खाली ठेवला. "साखर घालायची ऱ्हायली," म्हणाल्या, आणि कप तिथेच ठेवून आत गेल्या.

आतून भांड्याचा आवाजसुद्धा येईना. अण्णा दाराकडे बघत होते. थोड्या वेळाने दाराआडून शांताक्का बोलल्या, "दादा, आनिक एकदा म्हनायला लावा की त्यांना."