सहा वाजता सुटणारी आई

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या घरात कायद्याचं काहीही अडलं तर माझ्याकडे यायचं! मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात "हजर" सुद्धा शेजारणीला कोपर मारून तिच्याकडून म्हणवून घ्यायची. यंदा वादविवाद स्पर्धेत ढाल मिळाली आणि माझं तोंड जे उघडलं ते उघडलंच. आई म्हणते, आता नळ दुरुस्त करणाऱ्यालाच बोलवावं लागणार.

आई आजारी माणसांची त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते. एजन्सी तिला पाठवते. पावणेदोन वर्षं झाली, ती एका रिटायर्ड हेडसरांकडे असते. त्यांची डावी बाजू लुळी पडली आहे. अंघोळ, औषधं, व्यायाम, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, सगळं आईच करते. ड्यूटी दहा ते सहा. आई घरी येते नऊला! तोवर माझी धाकटी बहीण, जिला आम्ही शेपूट म्हणतो, शेजारच्या मावशींकडे असते. मावशी अगदी घरच्याच, त्यामुळे तो प्रश्न नाही.

प्रश्न आहे सहानंतरचा.

"अगं, सरांच्या सूनबाई म्हणतात, ताई, जरा दहा मिनिटं थांबा."

"आणि ती दहा मिनिटं साडेआठपर्यंत पुरतात?"

"मोठ्या घरातली मिनिटंही मोठी असतात बाई!"

"मग त्याचे पैसे?"

"तुम्ही काय परक्या आहात का ताई, घरच्याच तुम्ही, असं म्हणतात."

माझं डोकं असं फिरलं! रोज अडीच तास. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. वर्षाचे आठशेच्या आसपास तास निघाले. म्हणजे आई वर्षातले जवळजवळ शंभर दिवस फुकट राबते! आमच्या मांजरालासुद्धा कोणी फुकट उंदीर मारायला सांगत नाही.

मग मी कपाटातून आईचं एजन्सीबरोबरचं करारपत्र काढलं. अक्षरं इतकी बारीक, की मुंग्यांनीच लिहिली असावीत. अकराव्या कलमात साफ लिहिलं होतं: ड्यूटीनंतरच्या तासांना दीडपट दर!

"आई, हे वाचलं होतंस?"

"सही कुठे करायची तेवढं वाचलं होतं."

"मग उद्यापासून सहाच्या ठोक्याला उठायचं आणि निघायचं!"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आजारी आहे. "शिवणयंत्र बंद करून उठता येतं. फाईल मिटून उठता येतं. अर्धा उठवलेला माणूस सोडून कुठे जायचं? आणि जास्त बोललं तर एजन्सी काम काढून घेईल. मग तुझी फी काय तुझी ढाल भरणार?"

ढालीवरचं बोलणं मला लागलं. आई बोलत नाही, ठीक आहे. आईचा फोन बोलेल!

ती झोपल्यावर तिच्या फोनमध्ये संध्याकाळी सहाचा गजर लावला. आवाज फुल्ल. आणि घंटेच्या जागी माझंच भाषण! सुरुवात आमच्या कवायतीच्या सरांसारखी, पोटातून. सूनबाई ऐकतील, ओशाळतील आणि आईला सोडतील, असा माझा साधासरळ बेत.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी "आईला छत्री द्यायला आले" म्हणून त्या घरी हजर! बाहेर लख्ख ऊन. हॉलमध्ये हेडसरांचा मुलगा, सूनबाई आणि एजन्सीच्या मॅडम! करार पुढच्या वर्षासाठी वाढवायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर गजर वाजला तर आईचं कामच जायचं! दार उघडंच होतं आणि आतल्या खोलीत आई सरांच्या कमरेला पट्टा बांधून त्यांना उठवत होती.

"ताई म्हणजे सोनं हो," सूनबाई म्हणाल्या. "अगदी घरच्यासारख्या!"

"आमच्या सगळ्याच बायका तशा," मॅडम म्हणाल्या. जणू त्याच आम्हा सगळ्यांना जेवू घालतात!

आईला खुणा करून फोन बंद करायला सांगावं म्हणून मी आत पळाले. पण तिचे दोन्ही हात पट्ट्यावर, हातांत ग्लोव्ह्ज, फोन एप्रनच्या खिशात. आणि सहा वाजले.

"साऽऽवधान!"

काय सांगू! चाळीस वर्षं शाळेच्या मैदानावर उभे राहिलेले सर! खाडकन ताठ झाले. मान वर, छाती पुढे, उजवा हात मांडीला! आईचे हात पट्ट्यावर होतेच, पण ओढ सगळी सरांची.

"बाबा उभे राहिले!" मुलगा धावत आला. "हे काय, नवीन तंत्र आहे का?"

"हो तर!" मॅडम क्षणात म्हणाल्या. "आमच्या एजन्सीची खास पद्धत. याचे जादा पैसे पडतात."

तेवढ्यात खास पद्धत पुढे बोलू लागली. "सहा वाजले! ताईंची ड्यूटी संपली! यापुढचं प्रत्येक मिनिट ओव्हरटाइम! कलम अकरा! दीडपट! दहा मिनिटं म्हणून अडीच तास राबवणाऱ्यांचा धिक्कार असो!"

धिक्कार दोनदा होता. दुसऱ्यांदा तो पहिल्यापेक्षाही मोठा वाटला.

आईने सरांना हळूच खुर्चीत बसवलं, मग फोन बंद केला आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

"हे काय ताई?" मॅडमचा आवाज एकदम बर्फ. "जादा तासांचा पुरावा आहे? तुमच्या पत्रकात रोज सहालाच सुटल्याची नोंद आहे."

"महिन्याचं पत्रक तुम्ही एक तारखेलाच भरून आणता, मॅडम," आई म्हणाली. "मी नुसती सही करते."

"म्हणजे पुरावा नाही! असं असेल तर दुसरी बाई बघावी लागेल."

आईचा चेहरा उतरला. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "हजेरी!"

सरांनी उजव्या हाताने उशीकडे बोट दाखवलं. खाली वही. आत वेडंवाकडं, पण तांबड्या शाईतलं हजेरीपत्रक! गेल्या तीन महिन्यांचं! शाळा सुटली तरी हेडसरांची सवय सुटली नव्हती.

मी वाचलं, खणखणीत. "सोमवार. ताई, आगमन नऊ पंचावन्न. प्रस्थान आठ चाळीस. चिरंजीव, घरी आगमन सहा पाच. वडिलांच्या खोलीत, गैरहजर. मंगळवार. चिरंजीव, गैरहजर. बुधवार..."

"पुरे," चिरंजीव म्हणाले. पन्नाशीचे, टक्कल पडलेले. बाकावर उभं केल्यासारखे दिसत होते.

"ताई, आपण हे घरच्या घरी मिटवू," सूनबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. आई म्हणाली, "तू गप." आणि स्वतः बोलली. "मी सरांना एकटं टाकून जाणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. त्याच्याच जोरावर तुम्ही रोज दहा मिनिटं मागता. आता मागा, पण पत्रकात लिहून."

"सही कर, बाळ!" सर म्हणाले. बाळाने प्रत्येक पानावर सही केली. वहीतल्या तीन महिन्यांचे दीडपट पैसे मॅडमना कबूल करावे लागले. आधीच्या दीड वर्षाचं मात्र "बघू". आणि आई त्या दिवशी सातच्या आत घरी! वाटेत तिने माझा कान पिरगळला आणि मग तोच हात खांद्यावर ठेवला.

त्याच तोऱ्यात मी शेपटाला आणायला मावशींकडे गेले. उभ्याउभ्या सगळी हकीकत सांगितली, अभिनयासकट. धिक्कार इथेही दोनदा.

"शाब्बास!" मावशी म्हणाल्या. "माणसाच्या वेळेला किंमत हवीच."

"हवीच! आणि मावशी, शनिवारी बाकीच्या पैशांसाठी कामगार कार्यालयात जायचंय. तेवढी दहा मिनिटं शेपटाला बघाल ना? तुम्ही काय, घरच्याच!"

मावशींनी चष्मा लावला. खिळ्यावरचं कॅलेंडर शांतपणे काढलं.

"दोन वर्षं मागे जायचं," त्यांनी विचारलं, "की या महिन्यापासून धरू?"

त्या रात्री मी वहीचं मागचं पान पुन्हा उघडलं आणि मावशींच्या तासांचा हिशेब मांडला.