खासा स्वारी कावमाचीस गेली त्याची हकीकत

॥ श्री ॥ जिचा रंग उन्हानें उडतो, पाण्यानें वाहतो आणि मनांतून जात नाहीं, त्या चित्रविद्येस प्रथम नमन करोन, मग धन्यांस मुजरा करोन, लिहिणार लिहितो ऐसें की, शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, आश्विन मास, ते समयीं या राज्याचे धनी महाराज परम प्रतापी, गड घेतले, नद्या उतरले, शत्रूंस पाणी पाजिलें आणि घरीं येऊन बसले, तों घर रितें. राणीसाहेब मैनाबाई आदले सालीं तापानें कैलासवासी जाहल्या, ते वेळीं महाराज वेढ्यांत गुंतले होते. मग वर्षश्राद्ध आलें आणि उपाध्ये म्हणाले, "राणीसाहेबांचें स्वरूप मनांत आणावें," आणि महाराजांनीं डोळे मिटिले, तों स्वरूप येईना. पदराचा कांठ आला, कांकणांचा आवाज आला, दाराआड जाणारी टांच आली आणि मुख यावें तेथें नुसता उजेड. ऐसें कां जाहलें म्हणाल, तर लग्नाचे वेळींच महाराज मोहिमेवर, सबब त्यांची तलवार पाटावर उभी करोन तिजशीं बाईंचें लग्न लाविलें, आणि पुढेंही संसार तलवारीनेंच केला म्हणावा. महाराज येत ते दिवेलागणी टळल्यावर येत, जात ते तांबडें फुटण्याआधीं जात, आणि बाई मर्यादशील, मान खालीं. सवडीनें पाहूं म्हणतां म्हणतां बाई गेल्या. शत्रूचे सरदार नांवनिशीवार मुखोद्गत आणि बायकोचें मुख आठवेना, हें बोलावें तरी कोणापाशीं? महाराजांनीं अन्न कमी केलें आणि दरबारांत बसोन भिंतीकडे पाहूं लागले.

मग बाईंची जुनी दासी होती, तिणें हात जोडोन सांगितलें की, "लग्न लागोन पालखी राजधानीस येत असतां नदी भरली आणि मुक्काम कावमाचीस पडला. बाईसाहेब दिवसभर चितारणीचे घरीं बसत, आम्हांस उंबऱ्याबाहेर ठेवीत. आंत भिंतीवर चित्र चाललें आहे इतकें कानीं आलें." हें ऐकतांच महाराजांचे जिवांत जीव आला. चितारणीचे घरीं नवी नवरी बसली, तर तिचेंच चित्र होणार, दुसरें कशाचें होणार, ऐसें महाराजांस वाटलें आणि सर्वांसच वाटलें. मग कारभारी नारोपंत, ज्यांस डोंगर चढण्याचा तिटकारा आणि तजवीज सांगण्याचा हव्यास, ते म्हणाले, "धन्यांनीं श्रम कां घ्यावे? भिंत कापोन हत्तीवर घालोन आणवितों." महाराज म्हणाले, "पंत, भिंत येईल, ती जेथें बसली ती जागा येणार नाहीं. आम्हांसच गेलें पाहिजे." आणि स्वारी निघाली.

कावमाची म्हणजे डोंगराचे खांद्यावरील जुनें गांव, माती तांबडी काव, म्हणोन हें नांव. चिताऱ्यांचें गांव म्हणोन दूर देशीं कीर्ति. स्वारी चढूं लागली तों धुकें उतरूं लागलें, आणि धुक्यांत सोनकीचीं पिवळीं फुलें दोहीं अंगास उमललेलीं, आणि पुढला घोडा दिसेना, नुसता त्याचा श्वास ऐकूं येई, आणि नारोपंतांचें कण्हणें. मग धुक्यांतून घरें निघालीं, पांढऱ्या भिंती, आणि भिंतींवर बगळे, नांगर, वराती, मासे पोहत आहेत, बाया दळीत आहेत. धुकें घरांत शिरे आणि बाहेर निघे, त्यामुळें कोणता बगळा भिंतीवरचा आणि कोणता बांधावरचा हें कळेना. महाराजांनीं एका गाईस वाट दिली, ती चित्रांतली निघाली. गांवाचे मधून पाण्याचा पाट वाहे, त्यांत लोक कुंचे धूत, म्हणोन पाणी घटकेंत निळें, घटकेंत पिवळें, आणि म्हशी तेंच पीत. कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें. ओला गिलावा दचकतो, ऐसा तेथील समज. महाराजांस वाटलें, आपण अजून राजधानींतच निजलों आहों आणि हें सारें उशाशीं चाललें आहे.

चितारीण आवडाबाई थकलेली, पाठीस बांक आलेला, तरी हात स्थिर. तिणें खासा स्वारीस घोंगडें अंथरिलें आणि ताक दिलें. महाराजांनीं भिंत पाहिली, तों तिजवर भाताची कापणी. मग म्हणाले, "बाई, नदी भरली आणि राणीसाहेब तुमचे घरीं राहिल्या, ते सालचें चित्र कोठें आहे?" म्हातारी म्हणाली, "हितंच हाय, सरकार. ह्याच भिंतीत. खाली."

तेव्हां कळलें की, कावमाचीची रीत मुलखावेगळी. दर सालीं दसरा जाहला की जुन्या चित्रावर चुना फिरवावा आणि नवें काढावें. चित्र जपोन ठेविलें की चितारी त्याच्याच सावलींत बसतो आणि हात मरतो, ऐसें ते म्हणत. एवढी गांवाची कीर्ति, आणि दाखवावयास यंदाचें तेवढें. झांकलेलें उकरूं नये, हाही नेम. म्हातारी पुढें म्हणाली, "पर सरकार, त्या चित्रात..." इतक्यांत नारोपंत म्हणाले, "पुसल्यावांचोन हुजुरांपुढें बोलूं नये." म्हातारीनें ताकाचीं भांडीं उचलिलीं. दरबारी रीतीनें जगांत जितकें अज्ञान टिकोन आहे तितकें मूर्खांनींही टिकविलें नसेल.

महाराज म्हणाले, "तें चित्र आम्हांस पाहणें आहे." म्हातारी म्हणाली, "खालचं दिसाया वरलं समदं जावं लागंल. ह्यात माझी रेघ हाय, माझ्या लेकाची हाय. लेक आता न्हाई. हुकूम केलासा तर खरवडीन. मागितलंसा तर इचार करीन." नारोपंतांचा हात मिशीवर गेला. आणि महाराज बसोन राहिले, कारण देण्याचे शब्द त्यांस येत, घेण्याचेही येत, मागण्याचा एकही येईना. मग महाराज हळू बोलिले, "आवडाबाई, आम्हांस तिचें तोंड आठवत नाहीं." इतकेंच. म्हातारीनें त्यांजकडे पाहिलें, उठली, ओलें फडकें आणि शिंपला आणोन त्यांचे हातीं दिला, म्हणाली, "मग तुमचाच हात लागू द्या."

मग महाराज भिंतीसमोर गुडघे टेकोन बसले. कापणी गेली आणि खालून जत्रा निघाली, जत्रा गेली आणि हरणें निघालीं, हरणांखालून पाऊस, पावसाखालून कोणाचें बारसें. चुन्याचा भुगा महाराजांचे दाढींत बसला. गेलेलीं सालें एकामागोन एक उजेडांत येत आणि हातांखालीं विरत, आणि आपण भिंत खरवडितों की तिच्यांत उतरतों हें महाराजांस कळेनासें जाहलें. मग एक बैल निघाला, मान वळवोन पाहणारा. म्हातारी म्हणाली, "जरा थांबा. हे माझ्या लेकाचं." ती जवळ गेली, बैलाचे वशिंडावर हात ठेविला आणि उभी राहिली. महाराज म्हणाले, "बाई, राहूं द्या. इतकें पुरे." म्हातारी बाजूस सरली, म्हणाली, "म्या पाह्यलं. आता तुम्ही पाहा."

बैलाखालून कांहीं सालांचीं चित्रें आणखी गेलीं आणि मग एक पुरुष निघाला. पायरीवर बसलेला, कान मोठे, एक डोळा दुसऱ्याहून थोर, हाताला बोट एक जास्त. शिकलेल्याचें काम नव्हे. ओंजळींत बोरें, ती पुढें केलेली, आणि तोंडभर हांसतो आहे, जणों समोर कोणी आवडीचें माणूस बसलें आहे आणि त्याचें बोलणें संपण्याची याला घाई नाहीं. महाराजांनीं सारी भिंत चांचपिली. बाई कोठें नाहींत. विचारिलें, "हा कोण?"

म्हातारी म्हणाली, "हे तुम्ही, सरकार."

"आमचें तोंड ऐसें नाहीं."

"न्हाईच. त्यांनी तरी कुठं पाह्यलं हुतं? तलवारीसंगं लगीन लागल्यालं. मला म्हणाल्या, आवडाबाई, कुंचा द्या, माझे मालक कसे असतील ते मी काढून बघते. दोन येळा पुसलं. म्हणाल्या, हसत न्हाईत अजून. मग हसवलं तवा उठल्या."

"आणि त्यांचें चित्र?"

"ते म्या काढलं न्हाई. त्या काढत हुत्या, मी त्यांच्याकडं बघत हुते. काढताना जीभ दातात धरायच्या. गालाला काव लागली हुती, पुसली न्हाई."

तें महाराजांनीं कधीं पाहिलें नव्हतें. महाराज भिंतीस कपाळ लावोन रडले, आणि नारोपंत, ज्यांस प्रत्येक प्रसंगाची रीत ठाऊक, त्यांस याची रीत ठाऊक नव्हती, म्हणोन ते बाहेर जाऊन घोड्यांपाशीं उभे राहिले.

दसरा तोंडावर होता. म्हातारी म्हणाली, "सरकार, यंदा ही भिंत तशीच ठिवू? मी गावाला सांगीन." महाराज म्हणाले, "लोक येतील, विचारतील हा कोण, तर काय सांगाल?" ती म्हणाली, "सांगीन, मैनाबाईंचे मालक." महाराज म्हणाले, "मग आम्ही कोण?" मग महाराजांनीं चुन्याची बादली स्वहस्तें ओढिली आणि कुंचा घेतला, आणि खालपासोन झांकीत वर आले. हांसणें सर्वांत शेवटीं झांकिलें.

यानंतर स्वारी राजधानीस आली. पुढें कोणी लहानथोर बोलूं लागला की महाराज त्याचे मुखाकडे पाहत, आणि बोलणें संपेतों पाहत. प्रथम लोक बावरले, मग सुखावले. नारोपंतांची मात्र पंचाईत जाहली, कारण ऐसें पाहणाऱ्यापुढें तजवीज सांगतां जीभ अडखळे. मोहिमा थोड्या जाहल्या आणि न्याय बहुत जाहले. इतकी हकीकत, जैसी ऐकिली तैसी लिहिली. एका नवरीनें न पाहतां जो धनी भिंतीवर काढिला, तो पुढें या राज्यास लाभला. तिला लाभला नाहीं.