दाजींचं निर्मळ हॉटेल

हॉटेल उघडून पावणेदोन तास झाले होते आणि आत दोनच माणसं होती. एक मालक आणि एक मालकीण. मालक दर पाच मिनिटांनी सगळी टेबलं पुसत होते आणि मालकीण त्यांना पुसू देत होती, कारण तेवढा वेळ तरी ते बोलत नसत.

मालकांना सगळे दाजी म्हणायचे. सगळे म्हणजे त्यांचा मेहुणा. या परक्या शहरात दाजींना ओळखणारा तो एकच माणूस असल्यामुळे ‘सगळे’ त्यातच आले. तो आपल्या बहिणीला ताई म्हणायचा, म्हणून आपणही तिला ताईच म्हणू. मेहुणा बारा वर्षं या शहरात बस चालवत होता. त्याच्याच भरवशावर दाजी वयाच्या बावन्नाव्या वर्षी विमा कचेरीतली नोकरी सोडून इथे हॉटेल काढायला आले होते.

“मला स्वयंपाक येतो हे मला सांगितलं कुणी?” दाजी आता सांगतात. “माझ्याकडे फुकट जेवणाऱ्यांनी! दर रविवारी पंधरा-पंधरा नातेवाईक यायचे, बोटं चाटायचे आणि म्हणायचे, तुम्ही हॉटेलच काढा. ते बिचारे नुसते आभार मानत होते हो. मी जाऊन राजीनामा दिला.”

जागा मेहुण्यानं शोधली होती. पुढे मोठी काच, मागे ऐसपैस स्वयंपाकघर, समोर रुंद फुटपाथ. पूर्वी तिथे लाँड्री होती. तिचा म्हातारा मालक दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला होता. कपडे टांगायचे आकडे छताला अजून तसेच होते. दाजींनी ते काढू दिले नाहीत. “दिवे टांगू,” ते म्हणाले. दिवे अजून यायचे होते.

पाटीवर ताट काढू, वाटी काढू, वर वाफा काढू, असं मेहुण्याचं म्हणणं होतं. दाजींनी ते हाणून पाडलं.

“ताट-वाटी काढली की खाणावळ वाटते. आपल्याला दर्जा ठेवायचाय.”

त्यांनी नाव ठेवलं ‘निर्मळ’. मेहुण्यानं त्यासाठी तिथल्या भाषेतला शब्द शोधून दिला. खाली, दाजींच्याच आग्रहानं, ‘शुद्ध, ताजं, हातानं केलेलं’. पांढऱ्यावर निळी अक्षरं. खाण्याचा उल्लेख कुठेही नाही. पाटी रंगवणाऱ्यानं दोनदा विचारलं होतं की, एवढंच ना? दोन्ही वेळा दाजींनी मोठ्या मनानं हसून मान डोलावली होती.

भाषेचीही तयारी होती. मेहुण्यानं दाजींकडून चार वाक्यं घोकून घेतली होती: ‘या, बसा’, ‘इथेच, की घरी न्यायचं?’, ‘साधं की जोरदार?’ आणि ‘गरमागरम तयार ठेवतो’. तिखटाला त्या भाषेत धड शब्द नव्हता, म्हणून ‘जोरदार’. बाकी काही अडलं तर फोन करायचा. पण बस चालवताना मेहुणा फोन उचलायचा नाही. शेवटच्या स्टॉपवर बस थांबली की, चाळीस मिनिटांतून एकदा.

पावणेदहाला दार उघडलं. दारातून आधी खांदे आत आले आणि मग बाई. रुंद, ठेंगणी, केस बारीक कापलेले. तिनं एक कापडी पिशवी काउंटरवर ठेवली आणि काहीतरी भराभर बोलली.

“या, बसा,” दाजी म्हणाले.

बाई बसली नाही. दाजी दुसऱ्या वाक्यावर गेले. “इथेच, की घरी न्यायचं?”

“घरी,” बाई म्हणाली आणि हसली. हा काय प्रश्न झाला, असं ते हसणं होतं.

“साधं की जोरदार?”

“जोरदार!” बाईनं काउंटरवर मूठ आपटली. पेले थरथरले. “एकदम जोरदार!” मग तिनं चार बोटं दाखवली.

“गरमागरम तयार ठेवतो!” दाजी जवळजवळ ओरडलेच. बाई गेली.

“ऐकलंस? चार माणसांचं पार्सल! आणि कसं हवं? जोरदार! पिशवीसुद्धा घरून आणली. आत डबा असणार.”

“बघा तरी केवढा आहे,” ताई म्हणाल्या.

“मग बघू. आधी फोडणी.”

पिशवी त्यांनी शेगडीशेजारच्या फळीखाली सारली आणि अंगात वारं शिरल्यासारखा रस्सा करायला घेतला. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले, आपला जाड कोट काढून दाजींच्या हातात दिला आणि मान लववून निघून गेले. “बडी माणसं आधी कोट देतात,” दाजींनी ताईंना समजावलं आणि कोट छताच्या आकड्याला टांगला. “बाहेर जरा पाय मोकळे करून येतील.” गृहस्थ चांगले अर्धा तास पाय मोकळे करत राहिले.

शेवटी रस्सा भरायला म्हणून दाजींनी पिशवी ओढली. आत हात घातला. डब्याऐवजी कापड लागलं. बाहेर काढलं तर पांढराशुभ्र, जाडजूड अंगरखा, आणि छातीवर तळहाताएवढा हळदीचा डाग.

दाजींनी वर पाहिलं. फळीवर फोडणीचं कढलं कलंडलेलं होतं.

“अगं,” ते हळूच म्हणाले, “पहिल्याच गिऱ्हाइकाच्या कपड्यावर मी फोडणी दिली.”

“पण कपडे कशाला दिले तिनं?”

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याऐवजी दाजी मोरीकडे धावले आणि साबण घासायला लागले. ताई “हळदीला साबण नको!” म्हणेपर्यंत डाग लालभडक झाला होता. आता तो डाग राहिला नव्हता, तो गुन्हा दिसत होता.

अंगरख्याच्या पाठीवर मोठी अक्षरं होती आणि पिशवीत एक चिठ्ठी होती. दाजींनी दोन्हींचे फोटो मेहुण्याला पाठवले. तेवीस मिनिटांनी बस शेवटच्या स्टॉपला लागली आणि फोन वाजला.

“दाजी, पाठीवर ‘ज्युदो प्रशिक्षिका’ लिहिलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे माणसं उचलून आपटायला शिकवतात ना, त्या बाई. चिठ्ठीत लिहिलंय की चार वाजता न्यायला येते, संध्याकाळी स्पर्धा आहे. खालच्या दोन ओळी दिसत नाहीत, तुमचा अंगठा आलाय.”

“अंगठा जाऊ दे रे! मला कपडे कशाला दिलेत?”

“दाजी, तिथे लाँड्री होती. पाटीवर तुम्ही लिहिलंय निर्मळ, शुद्ध, हातानं केलेलं. माणसं आणखी काय समजणार? आणि तुम्ही विचारलंत तरी काय, साधं धुवायचं की जोरदार! सुटली बस, ठेवतो.”

दाजी खुर्चीवर बसले. छताला टांगलेला कोट त्यांच्याकडे बघत होता. “माझ्यासारख्या माणसाला विमा कचेरीनं एकोणतीस वर्षं ठेवलं कसं,” ते म्हणाले, “याचीच चौकशी व्हायला पाहिजे.”

“चौकशी नंतर,” ताई म्हणाल्या. “साबण नीट खळबळून काढा आणि उन्हात घाला. हळद उन्हात उडते.”

ऊन फक्त फुटपाथवर होतं. दाजींनी खुर्ची बाहेर आणली, तिच्या पाठीवर ओला अंगरखा पसरला आणि शेजारी उभे राहिले. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उंच इमारती. उन्हाचा पट्टा जेमतेम दोन हात रुंद, आणि तोही सरकणारा. दाजी त्याच्यामागे सरकत राहिले. बारा वाजता ते फुलवाल्याच्या दारात होते, एक वाजता चष्म्याच्या दुकानासमोर. चष्मेवाला बाहेर आला, अंगरख्याकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि चष्मा पुसून परत एकदा पाहिलं. मधेच मेहुण्याची बस गेली. “दाजी, मागचा भाग उलटा करा, मागचा!” अशी आरोळी खिडकीतून आली आणि बसभर माणसं वळून बघायला लागली.

इकडे एक नवाच घोटाळा झाला. नव्या दुकानाबाहेर धुतलेला कपडा वाळत घातलेला पाहून उरल्यासुरल्यांची खात्री पटली. तासाभरात ताईंसमोर पडदे, एक चादर आणि कुणाच्या तरी तीन विजारी येऊन पडल्या. ताईंना ती चार वाक्यंही येत नव्हती. पडदेवालीला त्यांनी खुणांनी समजावलं: टेबल दाखवलं, पोटावर हात ठेवला, पाची बोटं तोंडाशी नेली.

पडदेवाली कळवळली. तिनं पर्समधून आपला डबा काढला, त्यातला अर्धा पाव ताईंच्या हातात ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

“आपल्या हॉटेलात पहिला घास कुणी खाल्ला?” दाजी आता विचारतात. “माझ्या बायकोनं. आणि दिला कुणी? गिऱ्हाइकानं.”

तो पाव खाऊन ताई कामाला लागल्या. पार्सलसाठी केलेला जहाल रस्सा चाखून त्या आधी पाणी प्यायल्या, मग त्यांनी त्यात चार बटाटे आणि वाटीभर खोबरं घालून त्याला माणसांत आणलं.

पावणेचारला मेहुणा ड्युटी संपवून गणवेशातच धावत आला. दाजी चष्मेवाल्याच्याही पुढे, चपलांच्या दुकानापाशी होते. डागाचा लाल रंग गेला होता, पिवळाही. तिरकं धरलं तर एक पुसट सावली दिसायची.

“दिसतंय अजून,” दाजी म्हणाले.

“तुम्हाला माहीत आहे म्हणून दिसतंय,” मेहुणा म्हणाला.

“तिलाही सांगणार आहे मी. फसवायचं नाही. फक्त मी बोलताना तू माझ्या आणि तिच्या मधे उभा राहा.”

चार वाजता खांदे आत आले. दाजींनी घडी केलेला अंगरखा दोन्ही हातांनी पुढे केला आणि दुपारभर उन्हात जुळवलेलं भाषण सुरू केलं. हे हॉटेल आहे; आपण मूर्ख आहोत; फोडणीचं कढलं आपणच कडेला ठेवलं; साबणही आपणच लावला; शिक्षा मान्य आहे. मेहुणा एकेक वाक्य चाचरत सांगत होता. ‘मूर्ख’ला त्यानं सौम्य शब्द वापरला, तेव्हा ताईंनी तो बदलायला लावला.

बाईनं अंगरखा काचेजवळ नेला. उलटा केला, सुलटा केला, नाकाशी धरला. मग गर्रकन वळली आणि दाजींना काखांखाली धरून जमिनीपासून वीतभर उचललं.

दाजींनी डोळे मिटले. पण ती त्यांना आपटत नव्हती, मिठी मारत होती. खाली ठेवून ती बराच वेळ बोलत राहिली आणि मेहुण्याचा चेहरा हळूहळू वेडावाकडा होत गेला.

“दाजी, डाग तुमचा नव्हताच. तीन आठवड्यांचा आहे. पुलापलीकडे आपल्याकडच्याच कुणाचं तरी हॉटेल आहे, तिथे हा घालून जेवायला गेल्या होत्या. दोन लाँड्रीवाल्यांनी हात टेकले. चिठ्ठीत खाली तेच लिहिलं होतं की डाग जुना आहे, नाही निघाला तरी चालेल.”

“अंगठा,” ताई म्हणाल्या.

“त्या विचारतायत की काढलात कसा? कुठलं औषध?”

“ऊन,” दाजी खचून म्हणाले. त्या शहरात कपडे मशीनमध्येच वाळवायची पद्धत. रस्त्यावर उन्हात घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं. दाजींना मात्र वेगळंच लागलं होतं. “म्हणजे जेवली ती त्याच्याकडे, फोडणी त्याची, पैसे त्याला, आणि चार तास उन्हात उभा कोण? मी!”

बाईनं आता प्रथमच नीट इकडेतिकडे पाहिलं. टेबलं, पाण्याचे पेले, मागून येणारा वास. मेहुण्याला तिनं काहीतरी विचारलं.

“म्हणतायत, हे खरंच हॉटेल आहे का? त्या दिवसापासून आपल्याकडचं जेवण त्यांनी सोडलं होतं. चव आवडली होती, पण कपड्यांची भीती बसली. आता म्हणतायत, डाग काढता येणारा आचारी मिळाला, तर घाबरायचं कशाला?”

अंगरखा पिशवीत घालून ती बसली. ताईंनी रस्सा आणि भात वाढला. ती जेवत असताना दाजी तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते, ते फक्त वाटीपासून तोंडापर्यंतचा चमचा बघत होते. एकही थेंब सांडला नाही. तिनं दोनदा वाढून घेतलं आणि जाताना सांगून गेली की, उद्या दुपारी सराव संपला की अकरा विद्यार्थ्यांना घेऊन येते.

“सरावाच्या कपड्यांत?” दाजींनी विचारलं.

“सरावाच्या कपड्यांत,” मेहुणा म्हणाला.

संध्याकाळी म्हाताऱ्या गृहस्थांना कोट, पडदेवालीला पडदे आणि बाकीच्यांना त्यांचं त्यांचं परत गेलं. दाजी मात्र उद्याच्या जेवणाचाच विचार करत होते. आयुष्यात प्रथमच आपण डोकं चालवतोय अशी त्यांची खात्री होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी हळदीच्या डब्याला हातच लावला नाही. पांढरा भात, दह्यातली काकडी, खोबऱ्याची चटणी, उकडलेले बटाटे. टेबलावर सगळं कसं पांढरंशुभ्र दिसत होतं. बारा माणसं आली, तीही पांढरीशुभ्र. दाजी अभिमानानं हात बांधून उभे राहिले.

कुणी हात लावेना. मुलं एकमेकांकडे बघत होती. शेवटी एका मुलीनं प्रशिक्षिकेच्या कानात काहीतरी विचारलं आणि ती विचारणा रजा काढून आलेल्या मेहुण्यापर्यंत आली.

“दाजी, पोरं म्हणतायत की बाईंनी सांगितलेलं ते पिवळं कुठंय? त्यासाठीच आलोय. हे काय आजाऱ्यांसाठी आहे का?”

दाजी गुपचूप आत गेले आणि तेल तापायला ठेवलं. ताईंनी फक्त बारा खुर्च्या मोजल्या आणि बाहेर जाऊन ऊन कुठवर आलंय ते बघितलं.