आप्पांचा पारा

थर्मामीटर झटकावा तशी माझे सासरे, आप्पा, माणसं झटकायचे. लग्नानंतर पहिल्यांदा धारूरला गेलो, तेव्हा मी डोकेदुखीची गोळी मागितली.

"कावून दुखतंय? सकाळधरनं पाणी पिलात का, जावईबापू?"

गोळी मिळाली नाही. तांब्याभर पाणी मात्र उभ्याउभ्या प्यावं लागलं.

सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर औषधं दिली. रिटायर झाल्यावर ओट्यावर बसून रागवायचं काम पूर्णवेळ हाती घेतलं. टँकर उशिरा आला की ड्रायव्हरवर, कारखान्याच्या बागेत कारंजं उडालं की चेअरमनवर. "माणसं कोरडी अन् दगडाला आंघोळ!" आतून सासूबाई म्हणायच्या, "हळू, बीपी वाढंल."

एका दुष्काळी साली मी धारूरला असताना, ऊसतोडीला निघायच्या आधी मुकादम शेजारच्या सुंदराला घेऊन आला.

"आप्पा, हिला पाळी लांबवायच्या गोळ्या द्या. सीझनभर घेईल. खाडे परवडत न्हाईत."

आप्पा बनियनवरच रस्त्यात उतरले. "बाईचं अंग काय कारखान्याच्या भोंग्यावर चालतं बे? तुज्या बायकूला दे आधी!"

गल्ली जमली. मुकादम सुंदराकडं वळला. "तू अन् तुजा नवरा ऱ्हा घरीच. दुसरी जोडी बघतो." अन् निघून गेला.

मला वाटलं, आप्पा जिंकले. सुंदरा मात्र ओट्याखाली मटकन बसली. "आप्पा, हितं रानात काय हाय? लेकरं काय खातील?"

आप्पांनी सदरा घातला. मला म्हणाले, "चला." मुकादमाच्या दारात त्यांनी हात जोडले. त्यांना हात जोडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"चुकलं माजं. न्हे तिला. गोळ्या देऊ नको, अन् त्या दिवसांत डोक्यावर मोळी देऊ नको. एवढं ऐक."

"बगू," मुकादम हसून म्हणाला.

परतताना कोरड्या ओढ्याच्या पुलावर ते कठड्याला धरून थांबले. मला वाटलं, छातीत दुखतंय.

"माज्या पोरींचं पोट दुखलं तर मी त्यांना शाळंत धाडत नव्हतो," ते म्हणाले. "पांघरुणात घालून उशाशी बसायचो. अन् आज दुसऱ्याची पोर हात जोडून उसात धाडली."

मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी घरापर्यंत सोडला नाही.